गटिंगेन विद्यापीठाचं संशोधन : वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी कोणते विषय घेऊ? (बजेट ३५०० रु.)

ग्रंथपाल_शुभा
नमस्कार मंडळी. मी फलटणकडच्या एका छोट्या गावात वाचनालय सांभाळते. आमच्या अभ्यासिकेत चार वर्षं बसलेली एक मुलगी यंदा जर्मनीत गटिंगेन विद्यापीठात वनशास्त्राच्या एम.एस्सी.ला गेली. तेव्हापासून गावातले लोक विचारतात, "तिथे एवढं काय आहे?" म्हणून २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला त्या विद्यापीठाच्या संशोधनावर प्रदर्शन करायचं ठरवलंय. फक्त गणित नको, वेगवेगळ्या शाखा दिसायला हव्यात. भिंत बारा फूट आहे, सहा फलक बसतील. हातात ३५०० रुपये आहेत, त्याहून एक रुपया जास्त मिळणार नाही. कोणते सहा विषय घेऊ? आणि छपाई कशावर करू?

हॅनोव्हरकर
ताई, अभिनंदन! मी तिथून तासाभराच्या अंतरावर नऊ वर्षं राहिलो. जुन्या टाउन हॉलसमोर कारंज्यावर हंस घेतलेल्या मुलीचा पुतळा आहे. पीएच.डी. झालेला प्रत्येक जण वर चढून तिच्या गालाचा पापा घेतो आणि फुलं ठेवतो. पहिला फलक त्याचाच करा. दुसरा तिथले गणितज्ञ गाउस यांचा. माझ्याकडे गाउसचं चित्र असलेली १० मार्कची जुनी नोट आहे, स्कॅन करून पाठवतो. आणि एक प्रोजेक्टर घ्याच, हल्ली १५ हजारांत बरा येतो.

बोरकरकाका
प्रोजेक्टर कशाला? ३५०० म्हटलंय त्यांनी.
शुभाताई, पुण्याचा धागा सोडू नका. संस्कृतचे जर्मन अभ्यासक फ्रान्त्स कीलहॉर्न १८६६ ते १८८१ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. इथल्या शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण शिकले आणि पतंजलीच्या महाभाष्याची (संस्कृत व्याकरणावरच्या जुन्या ग्रंथाची) संपादित आवृत्ती मुंबईहून १८८० ते १८८५ मध्ये तीन खंडांत काढली. १८८२ पासून मरेपर्यंत गटिंगेनला प्राध्यापक. १८८५ साली रा. गो. भांडारकरांना मानद डॉक्टरेट दिली ती याच विद्यापीठाने. आपल्या माणसांना यापेक्षा जवळचं काय सापडणार? सहापैकी तीन फलक यावरच करा.

मुळामुठा
काकांशी सहमत. कीलहॉर्न हवेतच. ती आवृत्ती पुढे का. वा. अभ्यंकरांनी सुधारली आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापली, म्हणजे वर्तुळ पुण्यातच पूर्ण होतं. शिवाय संस्कृत ग्रंथांचे मजकूर संगणकावर फुकट मिळतात तो 'ग्रेटिल' नावाचा साठाही गटिंगेनचाच. मी रोज वापरते. फलकावर त्याचा पत्ता मोठ्या अक्षरात टाका.

पदार्थविज्ञान_सर
फलक वाचतं कोण? मुलांना हात लावायला काहीतरी हवं. १८३३ साली गाउस आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांनी वेधशाळेपासून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत छपरांवरून सुमारे एक किलोमीटर तार टाकली आणि तारेतून निरोप पाठवले. दुसऱ्या टोकाला चुंबक डावी-उजवीकडे वळायचा, त्यावरून अक्षरं ओळखायची. १८४५ मध्ये वीज पडून ती तार गेली.
हे तुम्ही शंभर-दोनशे रुपयांत करू शकता. शाळेतली होकायंत्राची डबी घ्या, तिच्याभोवती मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे चाळीस-पन्नास वेढे द्या आणि ९ व्होल्टची बॅटरी लावा. बटण दाबलं की सुई झटकन वळते, बॅटरीची टोकं उलटी केली की उलट्या दिशेला. तारेच्या टोकांवरचा मुलामा मात्र ब्लेडने खरवडून काढा. मी गेल्या वर्षी आमच्या शाळेत विसरलो आणि अर्धा तास बॅटरीला दोष देत बसलो.

चक्रधर७१
नाव आधी नीट लिहा. गटिंगेन नाही, ग्योटिंगन. त्या 'ओ'वर दोन टिंबं असतात.

हॅनोव्हरकर
ग्योटिंगनही नाही. ओठ 'ओ'सारखे गोल करायचे आणि आतून 'ए' म्हणायचा. देवनागरीत बसत नाही. मराठीत गटिंगेन, गॉटिंगेन दोन्ही चालतं.

चक्रधर७१
चालतं म्हणून काहीही लिहायचं का? फलकावर चुकीचं गेलं की मुलं तेच शिकतात.

नीरजा_प
नावावरून भांडू नका, धागा भरकटतोय.
शुभाताई, श्टेफान हेलचा फलक करा. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल. साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नव्हतं इतकं बारीक दाखवणारी पद्धत त्यांनी शोधली. मी जीवशास्त्र शिकवते, मुलं हे ऐकून थक्क होतात.

पदार्थविज्ञान_सर
हेल मॅक्स प्लँक संस्थेत काम करतात. ती संस्था गटिंगेनात आहे, पण विद्यापीठ नव्हे. नेहर आणि साकमान यांचं १९९१ चं नोबेलही तिथलंच. फलकावर विद्यापीठ लिहायचं तर ते विद्यापीठाचंच हवं.

नीरजा_प
एकाच गावातली माणसं, एकमेकांकडे शिकवतात. इतकं काटेकोर कशाला?

पदार्थविज्ञान_सर
प्रदर्शन विद्यापीठाचं आहे म्हणून. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न घ्या, १९२१ ते १९३३ तिथे होते. अणुबाँबवाले ओपेनहायमर यांची १९२७ ची पीएच.डी. त्यांच्याकडचीच. गणितज्ञ एमी न्योटर घ्या. तिथलेच गणितज्ञ हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर झालेली व्याख्यानं ती द्यायची, कारण बाईला शिकवायची परवानगी नव्हती. ती मिळाली १९१९ मध्ये आणि १९३३ मध्ये नाझींनी तिला काढून टाकलं.

मुळामुठा
बायकांचं निघालंच आहे तर डोरोथेआ श्लोत्सर. १७८७ साली, सतराव्या वर्षी तिथेच डॉक्टरेट. पदवीच्या समारंभात बसायला परवानगी नव्हती, म्हणून तिने तो खिडकीतून पाहिला. अभ्यासिकेतल्या मुलींना हे सांगाच.

छपाईवाला_दादा
मी सोळा वर्षं फ्लेक्सचं काम करतो, छपाईचं सांगतो. विषय कुठलेही घ्या, पण मजकूर व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवू नका. दुकानदार तो कोरल या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फॉन्टात बदलतो, तेव्हा रफार उडतात आणि जोडाक्षरं फुटतात. माझ्याकडेच एका सत्काराच्या बोर्डावर 'कार्यकर्ते' चं 'कायकते' झालं होतं. रात्री दहा वाजता पुन्हा छापून द्यावं लागलं, खर्च माझा. तुम्ही स्वतः पानं लावा, अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे चित्रासारख्या रेषांत) बदला, पीडीएफ द्या आणि कागदावर एक नमुना काढून वाचा. फोटोही व्हॉट्सअॅपने नको, ते दाबले जातात. ई-मेल करा.
फ्लेक्स चकाकतो, ट्यूबलाइटखाली वाचता येत नाही. सनबोर्डवर मॅट लॅमिनेशन घ्या. ३५०० मध्ये सहा नाही बसणार, तीन बसतील. तीनच करा आणि मोठी करा.

बोरकरकाका
फोटोंचे हक्कही बघा. जुनी चित्रं चालतील, नवे फोटो परवानगीशिवाय नकोत. आणि विद्यापीठाची स्वतःची प्रकाशनसंस्था आहे, तिची पुष्कळ पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. प्रबंधही त्यांच्या ग्रंथालयाच्या साठ्यात उघडे असतात. एखादा प्रबंध छापून टेबलावर ठेवा. आणि कीलहॉर्न विसरू नका.

ग्रंथपाल_शुभा
सगळ्यांचे मनापासून आभार. दादांचं ऐकते, तीनच फलक, सनबोर्डवर. सरांचं होकायंत्रही करणार. आमच्या पोरांनी काल तारेचे वेढे दिले आणि सुई पहिल्याच दाबात वळली.

पण फलकांचा विषय मी वेगळा घेतेय, तुमच्यापैकी कुणी सुचवला नाही तो. आडोल्फ विंडाउस. १९१५ ते १९४४ गटिंगेनला रसायनशास्त्राचे प्राध्यापक, १९२८ चं नोबेल. ड जीवनसत्त्व.

कारण सांगते. आमच्याकडे पेपर वाचायला येणाऱ्या निम्म्या आजी-आजोबांना डॉक्टरांनी आठवड्याला एक डी-३ ची (ड जीवनसत्त्वाची) पुडी दिलीय. दुधात घालून घेतात. कुठून आली ते कुणालाच माहीत नाही. मी गेले दहा दिवस हेच वाचतेय. १९१९ मध्ये बर्लिनचे डॉक्टर हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस (हाडं मऊ होऊन वाकण्याचा आजार) झालेल्या मुलांना दिव्याच्या अतिनील किरणांत ठेवून बरं केलं, पण उन्हात नेमकं होतं काय ते कळत नव्हतं. किरणांनी कोलेस्टेरॉलचंच जीवनसत्त्व होतं, असा सगळ्यांचा संशय होता. विंडाउसना वाटलं, त्यात थोडासा दुसराच पदार्थ मिसळलेला असणार. मग त्याच विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ पोल यांनी प्रकाश शोषण्याच्या पट्ट्या तपासल्या आणि १९२७ मध्ये तो पदार्थ, म्हणजे अतिनील किरणांनी ड जीवनसत्त्व होणारं एर्गोस्टेरॉल, हाती लागला. आपल्या कातडीतला, उन्हाने डी-३ होणारा पदार्थ विंडाउसच्याच प्रयोगशाळेत १९३५ च्या सुमारास तयार झाला. रसायन, भौतिक आणि वैद्यक एकाच गोष्टीत आले. मला वेगवेगळ्या शाखा हव्या होत्या, त्या एकाच पुडीत मिळाल्या.

आणि हे वाचून मी उठून उभीच राहिले : औषधातलं डी-३ बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून करतात. आमच्याकडे निम्म्या घरांत मेंढरं आहेत. तिसऱ्या फलकाखाली टेबलावर कच्च्या लोकरीचा पुंजका ठेवणार आहे. शेजारच्या आजोबांनी कालच आणून दिला. बोटं चिकट होतात आणि वास हाताला संध्याकाळपर्यंत राहतो.

बोरकरकाका
ताई, विषय उत्तम आहे, पण महाभाष्य सोडून पुडी?

ग्रंथपाल_शुभा
काका, महाभाष्यावर जुलैत तुमचं व्याख्यान ठेवू. तारीख तुम्ही सांगा. यंदा मात्र लोकरच.

नीरजा_प
फलकावर एक ओळ नक्की टाका, पुडी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. जास्त झाली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

ग्रंथपाल_शुभा
टाकते, लाल अक्षरात. उद्या सकाळी पीडीएफ देऊन येते आणि नमुन्याचा कागद आधी आजोबांकडून वाचून घेते.

चक्रधर७१
नाव ग्योटिंगनच लिहा.