चावणारं कुत्रं आणि प्रांतांचा अधिकार: कलम १५२ वापरायचं का?

वारणाकाठ:
तासगाव, पलूस, वाळव्याकडं रानातल्या वस्त्यांवर आणि द्राक्षबागांत राखणीची कुत्री रात्री मोकळी सोडतात. वाटसरूवर तुटून पडलं की मालक म्हणतो, "कुत्रं आमचं न्हाई." तक्रार केली की ग्रामपंचायत पोलिसांकडं धाडते, पोलिस ग्रामपंचायतीकडं.

माझं मत, हा अधिकार प्रांतांनी, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी, वापरावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३) धोकादायक जनावर ठार करा, कोंडा किंवा त्याची विल्हेवाट लावा, असा सशर्त आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात. अर्जाला केसपेपर, जखमेचा दाखला, पंचनामा आणि शेजाऱ्यांचे जबाब जोडा. एकाहून जास्त जणांना त्रास झालाय हे दिसलं पाहिजे. कलम सार्वजनिक धोक्यासाठी आहे, बांधाच्या भांडणासाठी नाही.

घाटमाथा:
"ठार करा" वाचून लोक तेवढंच धरून बसतात आणि तिथंच नुकसान होतं. चावलेलं कुत्रं १० दिवस जिवंत आणि नजरेसमोर हवं. ते दहाव्या दिवशी धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता, हे कळतं. मारलं तर मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि लोक काठी घालतात नेमकी डोक्यात. म्हणून आदेश मागायचा तो कोंडण्याचा. लस मात्र या १० दिवसांसाठी थांबवायची नाही. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी पहिला डोस घ्या. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं औषध) लागतं, नुसत्या दंडातल्या इंजेक्शनवर भागत नाही.

दुसरं, भटक्या कुत्र्यांना १५२ लावू नका. त्यांच्यासाठी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ आहेत. पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रं पथकानं धरायचं, पशुवैद्यक आणि प्राणी कल्याण संस्थेचा प्रतिनिधी यांनी तपासायचं, शक्यता दाट वाटली तर मरेपर्यंत वेगळं ठेवायचं. विशेष नियम बाजूला ठेवून दिलेला मारण्याचा आदेश उच्च न्यायालयात टिकवणं अवघड.

वारणाकाठ:
कोंडण्याचं पटलं. पण नियम अधिनियमाच्या डोक्यावर बसत नाहीत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० चं कलम ११(३) सांगतं की दुसऱ्या कायद्याच्या अधिकारानं जनावर मारणं ही क्रूरता नव्हे. १५२ हा तसाच कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयानंही २२ ऑगस्ट २०२५ ला नसबंदी-लसीकरण करून कुत्री जागच्या जागी सोडायला सांगताना पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळली.

घाटमाथा:
वगळली ती सोडण्यातून. वेगळी ठेवा असं म्हटलंय, मारा असं नाही. हा फरक गाळून गावात सांगितलं की लोक विष घालतात, आणि मग भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंतची शिक्षा त्यांच्याच गळ्यात पडते.

बेदाणा:
दोघंही मालकाला मोकळा सोडताय. न्याय संहितेचं कलम २९१ बघा: जनावराबाबत हलगर्जी केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन बोळवण करतात ती चूक आहे. गुन्हाच नोंदवायला सांगा. दुखापत झाली असेल तर कलम १२५ (दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणं) सुद्धा लावायला सांगा.

"आमचं न्हाई" याला उत्तर पुराव्यानं द्यायचं. गळ्यातला पट्टा, दारातली साखळी आणि भाकरीची थाळी यांचे फोटो, लसीचं कार्ड, रोज दूध घालायला येणाऱ्याचा जबाब. कलमात "ताब्यातलं जनावर" असे शब्द आहेत, विकत घेतल्याची पावती कुणी मागत नाही.

घाटमाथा:
हे मान्य. मालक असेल तर २९१ आधी, १५२ नंतर. १५२ मध्ये मालकाला कारण दाखवायची संधी द्यावीच लागते, त्यात तारखा पडतात.

वारणाकाठ:
तारखांपुरतं त्याच सुरक्षा संहितेचं कलम १६१ आहे. धोका तातडीचा असेल तर चौकशी संपेपर्यंत दंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात. मूळ अर्जातच तो मागा, आणि कुत्रं कुठं बांधायचं, दहाव्या दिवशी कोणत्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवायचं, हेही हुकमात लिहून घ्या. नुसतं "बंदोबस्त करावा" असं लिहिलं असेल तर मालक चार दिवस बांधतो आणि पाचव्या रात्री सोडतो.