ओमाहा भाषेत खाणे-पिणे दोन्ही ‘ध’नेच का सुरू होतं?

मृद्गंध: अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा या आदिवासी लोकांच्या भाषेत खाणे ‘धथे’, पिणे ‘धत्तां’. हा योगायोग आहे का?

सातपुडा: नाही हो. ‘ध-’ हा उपसर्ग आहे. काम तोंडाने, दातांनी झालं असं तो सांगतो. हाताने झालं तर ‘धि-’, फटका मारून झालं तर ‘ग-’. नात्यातल्या लाकोटा भाषेत हे लख्ख दिसतं, तिथे ‘ध’चा ‘य’ होतो. ‘क्सा’ म्हणजे तुटणं. मग याक्सा दातांनी तोडणं, युक्सा हाताने, नाक्सा पायाने, काक्सा घाव घालून. एकाच धातूतून इतकं सगळं! मला ही रचना अतिशय सुंदर वाटते. आपल्याला ‘दातांनी’ हा शब्द वेगळा जोडावा लागतो, तिथे तो क्रियापदाच्या पोटातच असतो.

मृद्गंध: वा! आणि ‘मी खातो’?

सातपुडा: ‘ब्धथे’. ‘मी’चा ब थेट पुढे चिकटतो.

रानजाई: भर घालते. ओमाहा भाषेचे अभ्यासक जेम्स ओवेन डॉर्सींच्या १८९०च्या कथासंग्रहात हा ‘ध’ ध्वनी रोमन ‘सी’वर रेघ मारून लिहिलाय. जुने पाठ वाचताना ती रेघवाली ‘सी’च शोधा.