१२ फुटी प्लायची होडी: कोपऱ्याचा सांधा सुटतोय, आणि गिऱ्हाईक कागलचं

खानापूर_रंधा
सपाट तळाची १२ फुटी होडी, काठावर रुंदी ४ फूट, दोन वल्ही. ६ मिमी ‘वॉटरप्रूफ’ प्लाय, सांध्यावर फायबरची मॅट आणि साधं पॉलिस्टर रेझिन. हिडकल धरणाच्या पाण्यात दोन-अडीच आठवडे राहिली की तळ आणि बाजू जिथं मिळतात तिथली मॅट सालीसारखी निघते, प्लायच्या कडा फुगतात. प्लाय बदलू की रेझिन? कागलचं एक गिऱ्हाईक तीन होड्या मागतंय. छोट्या हत्तीतून (टाटा एस टेम्पोतून) जातील का? कागदपत्रं काय लागतील?

उद्यमबाग_जॉबवर्क
दोन्ही बदला. पॉलिस्टर लाकडाला नीट धरत नाही. लाकूड ओल पिऊन हललं की मॅट सुटते आणि तिच्याखाली पाणी साठून राहतं, म्हणजे उघड्या प्लायपेक्षाही वाईट. इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) घ्या. १२ फुटीला आतून-बाहेरून दोन हात, तळाला चौरस मीटरला २०० ग्रॅमचं फायबरचं कापड आणि सांध्यात भरायचा लगदा धरून ८ ते ९ किलो लागतं.

‘वॉटरप्रूफ’ हा दुकानदाराचा शब्द. शीटवर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघा. त्या प्लायचा नमुना ७२ तास उकळून तपासतात, आयएस ३०३ (साध्या प्लायचं मानक) मधल्या बीडब्ल्यूआर म्हणजे उकळतं पाणी सोसणाऱ्या प्लायचा फक्त ८ तास. शिक्क्यावर भरवसा नसेल तर तळहाताएवढा तुकडा दिवसभर उकळत ठेवा, थर सुटला तर शीट परत.

तरी खरं दुखणं कडेचं आहे. कडेला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, पाणी तिथूनच चढतं. जोडणीआधी प्रत्येक कापलेल्या कडेला पातळ इपॉक्सी पाजा, ती पिईल तोवर, तीन वेळा तरी. वल्ह्याच्या कडीचं भोकसुद्धा सोडू नका.

सांधा असा: कडेपासून १० मिमी आत, दर ६ इंचावर भोक, तांब्याच्या तारेनं शिवायचं. तारांच्या मधल्या जागेत लगद्याचे टाके देऊन घट्ट होऊ द्या, मग तारा ओढून काढा. अडकलेली तार सोल्डरिंगच्या इस्त्रीनं तापवली की निघते. मग आतल्या कोपऱ्यात अखंड गोलाई भरा, त्रिज्या २० मिमीच्या आसपास. लगदा म्हणजे इपॉक्सीत सॅंडिंग मशीनची बारीक भुकटी, शेंगदाण्याच्या चटणीइतकी घट्ट. करवतीचा जाड भुसा नको, त्यात हवा अडकते. वर ३ इंची कापडी पट्टी, आतून आणि बाहेरून. फक्त बाहेरून लावली तर होडी उचलताना सांधा आतून उघडतो.

शीट ८ फुटांची, म्हणून लांबीत जोड येणारच. दोन्ही टोकं उतरती तासून एकमेकांवर चिकटवा. ६ मिमीला ४८ मिमी उतार म्हणजे १:८. त्याहून आखूड उतार वाकवताना तिथंच तुटतो. काठपट्टी सागवानाची असेल तर चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसा, सागाचं तेल डिंकाला धरू देत नाही.

हिडकल_काठ
तळाला ६ मिमी कमी पडतंय बघा. पाणी उतरलं की काठाला दगड उघडे पडत्यात. तळ ९ मिमी करा, बाजू ६ च राहू दे. ६ च्या दोन शीट, ९ च्या दोन, उरलेल्यात बाकं निघत्यात. वजन ६० किलोच्या पुढं जातंय, दोघांना उचलतंय.

तुमच्या मापाची होडी साधारण ४५ किलोला एक इंच बसती. तीन माणसं आणि जाळं म्हटलं की पाच-सहा इंच पाण्यात. बाजू १६ इंचांपेक्षा कमी ठेवू नका. बाकाखाली बंद पेटी करून थर्माकोल भरा, एक घनफूट सुमारे २७ किलो तरंगवतंय. थर्माकोलला पॉलिस्टर लागू देऊ नका, विरघळतंय.

पुरात गुळाच्या काहिलीतनं जाणारी माणसं आहेत की. काहिलीला कोपराच नाही, म्हणून तिला तुमचं दुखणं नाही.

खानापूर_रंधा
वल्ही किती लांब? कडी इथं मिळत नाही.

हिडकल_काठ
दोन कड्यांमधलं अंतर ४८ इंच धरा. त्याचं निम्मं २४, त्यात २ मिळवा, ७ नं भागा, २५ नं गुणा: ९३ इंच, म्हणजे पावणेआठ फूट. कडी १२ मिमीच्या सळईची वाकवून घ्या, खाली नायलॉनचं बुश. नुसत्या लाकडात बसवली तर भोक लांबट होतंय.

निपाणी_नाका
छोट्या हत्तीचा हौदा जेमतेम सव्वासात फूट, होडी पाचेक फूट बाहेर येणार. बाहेर आलेल्या मालाला मोटार वाहन कायदा कलम १९४(१अ) प्रमाणे २० हजार दंड, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. १४ फुटी हौद्याचा आयशर ट्रक घ्या.

तीन होड्या एकात एक बसतात, बाजू बाहेर कललेल्या असतील आणि बाकं खालच्या पेटीसकट चिकटवण्याऐवजी बोल्टनं बसवली असतील तर. बाकं काढली की बाजू आत दबतात, म्हणून सगळ्यात वरच्या होडीत काठाच्या रुंदीची आडवी रीप ठोका. पट्टा त्या रीपेवरूनच आवळा. दोन होड्यांच्या मध्ये जुनी ट्यूब, नाहीतर सीमेवरच्या कोगनोळीपर्यंत रंग घासून पांढरा होतो.

आता कागद. कर्नाटकात माल विकताना ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण ती सवलत राज्याच्या आतलीच. निपाणीला विकलं तर चालतं, पलीकडं महाराष्ट्रात कागलला विकलं की पहिल्याच होडीला नोंदणी हवी. अंतर किती, हे कायदा बघत नाही. खेपेची किंमत ५० हजारांवर गेली की ई-वे बिलही (माल नेण्याचा ऑनलाइन कागद). बिलावर ‘नाव’ एवढंच लिहू नका. मासेमारीची आणि हौसेची होडी यांचे जीएसटीचे कोड वेगळे, दरही वेगळे, ते सीएकडून ठरवून घ्या.

आणि भाव फुटावर सांगू नका. १४ फुटी करताना रुंदी आणि उंचीही वाढते, प्लाय-रेझिन दीडपटीकडे जातं. फुटाच्या हिशेबात तुम्हीच बुडता.

उद्यमबाग_जॉबवर्क
एक राहिलं. खानापूरच्या पावसात इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्यानं घासून धुवा, मगच पॉलिश पेपर आणि पुढचा हात. थेट पेपर मारला तर मेण आत दाबलं जातं आणि रंग सोलून येतो. एप्रिलच्या उकाड्यात उलटं: एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका, आणि लगेच पसरट ताटात ओता. डब्यात ठेवलं तर दहा-पंधरा मिनिटांत धूर निघतो.