अभंगात ‘पाणी’ आणि ‘गुणी’ यांचे यमक चालेल का?

प्रश्न (खानापूर तालुका)
गावच्या साहित्य संमेलनात वाचण्यासाठी मी अभंग लिहीत आहे. पहिले कडवे असे आहे:

शिवारात आज भरले हे पाणी।
बांधावर गुणी बैल उभा॥

एका जाणकारांनी हे यमक कच्चे ठरवले. शेजारचे कन्नडचे मास्तर तर म्हणाले की, प्रास ओळीच्या सुरुवातीला हवा. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत मात्र असली यमके सर्रास असत. नेमके काय धरावे?

उत्तर (बेळगाव)
आपली अक्षरे चार चरणांत ६-६-६-४ अशी चोख आहेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक साधण्याची जागाही बरोबर आहे. उणीव आहे ती एवढीच की, जुळते ते फक्त ‘णी’. त्याच्या आधीचे ‘पा’ आणि ‘गु’ यांचे स्वर वेगळे असल्याने कानाला ठेच लागते. तुकोबांच्या ‘उभे विटेवरी’ आणि ‘कर कटावरी’ यांत ‘वरी’ ही दोन्ही अक्षरे जुळतात. आजीच्या ओवीत शेवटचा ‘ई’ जात्याच्या घरघरीबरोबर लांबवला जातो, त्यामुळे आधीचा स्वर कोणी तपासत नाही. व्यासपीठावरून वाचताना ती सवलत मिळत नाही.

उत्तर (निपाणी)
मास्तरांचेही चुकलेले नाही, पण ते जुन्या कन्नड काव्याविषयी बोलत आहेत. त्यात प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या अक्षरातले व्यंजन सारखे ठेवतात, आणि पहिले अक्षर एका ओळीत गुरू (लांब उच्चाराचे) असेल तर सर्व ओळींत गुरूच लागते. नवव्या शतकातल्या ‘कविराजमार्ग’ या कन्नड काव्यशास्त्राच्या ग्रंथातही या प्रासाची चर्चा आहे. मराठीत करून पाहायचे तर:

माळावरती ऊन सांडले
वेळूमधुनी वारा आला

येथे ‘ळ’ जुळतो, ‘मा’ आणि ‘वे’ दोन्ही गुरू आहेत. (विसाव्या शतकातल्या कन्नड कवींनीही हे बंधन सैल केले, हे मास्तरांना हळूच सांगावे.) अभंगाला मात्र चरणान्तीचेच यमक शोभते.

उत्तर (बेळगाव)
‘गुणी’च्या जागी ‘गाणी’ घालून ‘बांधावर गाणी बैल ऐके’ असे करण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. यमकासाठी बैलाला रसिक करणे बरे नव्हे. बैल आहे तसाच ठेवून वरची ओळ बदलावी:

शिवारात आज नाही दुजे कुणी।
बांधावर गुणी बैल उभा॥

प्रश्नकर्ता
‘कुणी’ पटले, बैल एकटा पडल्यावर अधिक उठून दिसतो. पाणी पुढच्या कडव्यात नेतो. तेथे रोप लावणाऱ्या बायकांची गाणी आहेतच.