दादांच्या ट्रंकेतली कागदं: एक्सेल पुरेना, कोणता डेटाबेस घ्यावा?

सेलूची लेक
राम राम मंडळी. मी सेलूची, जिल्हा परभणी. दादा मागच्या आषाढात गेले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत साठ-सत्तर वर्षांची कागदं निघाली: सातबारे, फेरफार, 1954-55 च्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल, मोंढ्यातल्या कापसाच्या पट्ट्या, विम्याच्या पॉलिस्या, आईच्या दवाखान्याच्या फायली. काही निजामाच्या काळातली, उर्दूत, वर फसली साल (निजामाच्या काळचं महसुली साल). आम्ही तिघं भावंडं. वाटणी व्हायचीय, आणि कोणता कागद कुठं आहे हे एकालाही सांगता येत नाही. म्हणून मीच बसलेय.

एक्सेलमध्ये तीनशे ओळी भरल्या आणि अडले. एका फेरफारात जमिनीचे तीन गट असतात, मग तीच ओळ तीनदा लिहायची का? एकट्या विहिरीच्या गटाचे सतरा कागद आहेत. त्यातही जुन्यांवर सर्व्हे नंबर, नव्यांवर गट नंबर.

ऑनलाइन काही नको, घरचे व्यवहार घरच्याच लॅपटॉपवर राहू द्यायचेत. विंडोज आहे, रॅम 4 जीबी. डेटाबेस म्हणून मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस घ्यावं, लिब्रेऑफिस बेस, का आणखी काही? मराठीत शोधता आलं पाहिजे.

मोंढा नाका
ताई, ॲक्सेसमध्ये माहिती भरायचे फॉर्म झटपट बनतात, पण ते विकतचं आणि फक्त विंडोजवर चालतं. बेस फुकट आहे, घरच्या कामाला पुरतं. त्याच्या नेहमीच्या साठवणीला ‘जावा’ (Java) नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, ते आधी टाकून घ्या. काहीही घेतलं तरी स्कॅन डेटाबेसच्या आत भरू नका. ॲक्सेसची फाइल 2 जीबीच्या पुढं जात नाही. स्कॅन फोल्डरात ठेवा, डेटाबेसात फक्त फाइलचं नाव लिहा.

गोदाकाठ
सॉफ्टवेअर नंतर बगा. आधी कागदावर तीन तक्ते काढा. एक जमिनींचा: गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, शिवार. दुसरा कागदांचा: प्रकार, साल, ट्रंकेतलं पाकीट. तिसरा नुसता जोडणारा: अमुक कागद, अमुक गट. फेरफार एकदाच लिहायचा, जोडणीच्या ओळी तीन. तुमचं एक्सेल इथंच अडलंय.

क्षेत्राचं मी स्वतः चुकलो होतो, म्हणून सांगायलोय. 3 एकर 20 गुंठे मी 3.20 लिहायचो. 3.20 आणि 2.30 ची बेरीज मशीन 5.50 देतं. खरी बेरीज 6 एकर 10 गुंठे. एकराचे गुंठे 40, शंभर नव्हेत. घरात चार दिवस अबोला झाला यावरून. सगळं गुंठ्यांत लिहा: 140 आणि 110.

फसली साल आहे तसंच ठेवा, शेजारी इसवी सन. 590 मिळवा, फसली 1352 म्हणजे 1942-43.

मी एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतो, डीबी ब्राउझर या प्रोग्राममधून. फुकट आहे, सगळा डेटाबेस एका फाइलीत मावतो. प्रोग्राम बंद करून ती पेनड्राइव्हवर घेतली की बॅकअप झाला. फॉर्म मात्र नाहीत, तक्त्यातच भरावं लागतं.

तुळजाई
युनिकोडमध्येच, म्हणजे सगळीकडं सारखं वाचता येणाऱ्या मराठीत, टाइप करा. जुन्या फॉन्टात भरलेलं मराठी शोधल्यावर सापडत नाही. ‘सर्वे’ का ‘सर्व्हे’, तेही एकदाच ठरवून टाका.

सेलूची लेक
सगळ्यांचे आभार. बेस घेतलं, कारण भाऊजयही भरू लागणार आहे आणि तिला फॉर्म लागतो. तक्ते मात्र गोदाकाठदादांनी सांगितले तसेच. पाकिटांवर पेननं नंबर टाकले, ट्रंकेच्या झाकणाला आतून यादी चिकटवली.

काल रात्रीपर्यंत 112 कागद झाले. विहिरीचा गट शोधला तर दिवाळीपासून हुडकत असलेला हिस्सापत्राचा स्टॅम्प निघाला, पॉलिस्यांच्या पाकिटात. थोरल्या भावाला तिथूनच फोन लावला.

उर्दू कागद 19 आहेत. गल्लीतले निवृत्त मास्तर शुक्रवारी नमाजानंतर येऊन वाचून देणार आहेत. त्यांच्यासाठी फॉर्मात ‘मजकूर काय’ असा रकाना वाढवलाय.