मार्चअखेर स्मोकी माउंटन्स: आईला झेपेल अशी ओढ्याकाठची वाट?

अटलांटाकर: पुण्याहून आई येतेय, वय ६८, गुडघे जरा कुरकुरतात. तिला पाण्याकाठी चालायला फार आवडतं. मार्चअखेर तिला स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कला न्यायचंय. कुठली वाट सुचवाल?

रानवाट: डोळे मिटून पार्कच्या टेनेसीकडच्या एल्कमाँट भागातली लिटल रिव्हर ट्रेल! लाकूडतोडीच्या जुन्या रेल्वेमार्गावरची वाट आहे, त्यामुळे रुंद आणि चढ अगदी हळू. नदी जवळजवळ सतत सोबत. सुरुवातीला जुन्या बंगल्यांच्या दगडी धुराडी दिसतील, तिथे घाई करू नका. दोनेक मैलांवर हस्की ब्रांचचा धबधबा आहे; त्याचं पाणी वाटेखालून थेट नदीत जातं. काकूंना तिथवर नेऊन परत फिरा. झाडं तेव्हा निष्पर्ण असतात म्हणूनच जमिनीपर्यंत ऊन येतं आणि हेपॅटिकासारखी इवली रानफुलं उमलतात. पानं फुटली की सावली पडते, हा बहर सरतो. मला तर भर उन्हाळ्यापेक्षा हेच दिवस प्रिय आहेत. पाण्यात मात्र पाय घालू देऊ नका. बर्फगार असतं आणि खडक भयंकर निसरडे.

पाटणकर_टेनेसी: पार्कमध्ये प्रवेश मोफत आहे, पण १५ मिनिटांहून जास्त थांबायचं तर पार्किंग टॅग लागतो, दिवसाचा ५ डॉलर. दक्षिणेच्या चेरोकी गावाकडून येणार असाल तर न्यूफाउंड गॅप या डोंगरखिंडीतला रस्ता चालू आहे का ते आधी तपासा, मार्चमध्येही बर्फामुळे बंद होतो.

अटलांटाकर: आणि अस्वलं?

रानवाट: त्याच सुमारास बाहेर पडू लागतात. ५० यार्डांच्या आत जायचं नाही. डबा उघडा ठेवून फोटो काढत बसू नका.