लग्न साखळीत, फोंड्यात की पुण्यात? माणसं चारी दिशांना आहेत

वाळवंटीकाठ
धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. ती आणि होणारे भावजी दोघंही बंगळूरला नोकरीला. मुलाकडचे नागपूरचे. आम्ही गोव्यातल्या साखळीचे. आई-बाबा आणि आजी तिथेच, मी पुण्याला, मामा बेळगावला, आत्या मुंबईला. मुलाकडची साठेक माणसं, आमची दीडशे धरा. फेब्रुवारीतली तारीख बघतोय.

बाबांचं म्हणणं, कुलदेवता फोंड्याकडे, तिथेच देवळात करूया. मुलाकडच्यांनी समजुतीनं पुणं सुचवलंय, दोघांना मधलं म्हणून. बहिणीच्या मैत्रिणींना समुद्रकिनारा हवाय. आणि आजीला गाडीत अर्धा तासही बसवत नाही, कंबर धरते. आई नोकरीला जायची तेव्हा आजीनंच या पोरीला सांभाळलं. ती अक्षता टाकायला नसेल, हे मला सहनच होत नाही. पण एका आजीसाठी नागपूरच्या साठ जणांना एवढ्या लांब बोलवावं का? कोणी असं लग्न निभावलं असेल तर सांगा.

फोंडेकर
मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी, रामनाथी, कवळे ही देवळं एकमेकांच्या जवळ आहेत, अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, उतरायची सोय होते आणि वातावरण प्रसन्न असतं. खोल्या साध्या असतात, हे मुलाकडच्यांना आधीच सांगा. जत्रेची तिथी मात्र पाहून घ्या. मंगेशीची जत्रा माघात, म्हणजे बहुधा तुमच्याच महिन्यात.
पण आजींना तिथवर येणं जमत नसेल तर बाबांना समजावा. लग्नानंतर जोडपं कुलदेवतेला जातंच. देवी थांबेल.

माहेर_डिचोली
माझं सासर नागपूरचं, म्हणून सविस्तर लिहिते.

पुणं नकाशावर मधलं दिसतं, पण तिथे दोन्ही घरची माणसं पाहुणी होतात. गुरुजी, आचारी, हॉल, सगळं फोनवर ठरवायचं. ऐन वेळी नारळ कमी पडले तर शेजारच्या घरात हाक मारता येत नाही. साखळीत तुमची आळीच्या आळी उभी राहील. माझ्या लग्नात पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी शेजारच्या तीन घरांत तापत होतं.

प्रवासाचं म्हणाल तर नागपूरकर लांब अंतराला भीत नाहीत. पोचल्यावर कोणी विचारलं नाही, तर मात्र मनाला लावून घेतात. स्टेशनावर तुमच्याच घरातला माणूस उभा करा, नुसता ड्रायव्हर नको. आदल्या दिवशी दुपारपर्यंत सगळे पोचतील असं बघा. मुहूर्त सकाळचा असला तर सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी उरका, म्हणजे वऱ्हाडाला रात्रीची झोप मिळते.

जेवणात आपलं खतखतं, सोलकढी, मणगणं हवंच, ते कौतुकानं खातात. पण दोन्ही वेळा नुसता भात आणि नारळ झाला की म्हातारी माणसं अर्धपोटी उठतात. पोळ्या लाटणाऱ्या बायका वेगळ्या सांगा आणि पोळ्या गरम येऊ द्या. माझे सासरे आजही व्याह्यांकडच्या त्या गरम पोळ्यांबद्दल बोलतात.

स्वागत समारंभ आठवड्याभरानं नागपूरला ठेवा. तिकडच्या ज्या म्हाताऱ्यांना येता येणार नाही, त्यांच्या दारात सून जाईल. दोन्ही घरच्या आज्यांचा मान राहतो.

कोकणगाडी
साखळीला थिवी स्टेशन जवळ, मडगावला उतरू नका. कोकणकन्या रात्री मुंबईहून निघून सकाळी थिवीला येते. वंदे भारतही थिवीला थांबते. नागपूरहून मडगावला गाडी आहे, पण रोजची नाही, तेव्हा तारीख पक्की करण्याआधी तिचे वार बघा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही, त्यामुळे उघडेल त्या सकाळीच बसा. विमानानं येणाऱ्यांना मोपा विमानतळ सांगा, 2023 पासून सुरू आहे आणि तुमच्या बाजूचंच आहे. दाबोळी दुसऱ्या टोकाला पडतं. बेळगावचे मामा चोर्ला घाटानं थेट साखळीत उतरतील, फक्त वळणांचा त्रास होणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसावं.
गोव्यात ओला-उबर नाही. दोन्ही दिवसांसाठी मिनीबस ठरवूनच ठेवा.

पणजीवाला
तारखेबद्दल. कार्निव्हल बहुतेक वर्षी फेब्रुवारीत येतो, त्या चार दिवसांत पणजी-म्हापशात खोल्या महाग आणि रस्ते अडलेले. लग्न नोव्हेंबर-डिसेंबरवर सरकलं तर इफ्फी (चित्रपट महोत्सव) आणि 3 डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव) सांभाळा. नाताळाचा आठवडा तर नकोच.
किनाऱ्याचं म्हणाल, तर मोरजी-मांद्र्याला याच महिन्यांत कासवं अंडी घालायला येतात, रात्रीचे दिवे आणि गाणी तिथे नकोत. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद. मैत्रिणींना लग्नाच्या दुसऱ्या दिवशी किनारा दाखवा, मांडव तिथे घालू नका.

वकीलबाई
एक गोष्ट कोणी बोललं नाही. बहीण गोव्याची, तेव्हा सिव्हिल रजिस्ट्रारकडची नोंदणी विधीइतकीच महत्त्वाची. आधी दोघांनी जाऊन अर्जावर सही करायची, हरकतींची मुदत संपली की दुसरी सही. म्हणजे बंगळूरहून एक फेरी लग्नाच्या पुरेशी आधी. गोव्याच्या कायद्यात वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि तो करार लग्नाआधीच करावा लागतो. नागपूरच्या मंडळींना हे नवीन असेल. आत्ताच मोकळेपणानं बोलून घ्या, बोहल्यावर उभं राहायच्या आठवड्यात नको.

वाळवंटीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, मग त्यांनीच नागपूरला फोन लावला. व्याहीणबाई म्हणाल्या, आजींना हलवू नका, आम्ही येतो. स्वागत समारंभ नागपूरला ठेवायचं त्यांनीही लगेच मान्य केलं. लग्न साखळीत, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी जोडपं फोंड्याला कुलदेवतेला जाईल. पहिल्या सहीसाठी बहीण आणि भावजी पुढच्या महिन्यात येताहेत, तेव्हा कराराचंही बोलून घेऊ.

आता दोनच प्रश्न. साठ माणसांना साखळी-डिचोलीत स्वच्छ खोल्या मिळतील, की म्हापशाला ठेवून सकाळी आणू? आणि माहेर_डिचोली ताई, तुमच्याकडच्या पोळ्या लाटणाऱ्या बायका अजून कामं घेतात का?

माहेर_डिचोली
म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या डिचोलीत, बाकीचे म्हापशाला. बायका घेतात कामं. तारीख पक्की झाली की मला निरोप करा, मी स्वतः जाऊन सांगून येते.